टॅरानिस क्यू एक्स7 ला मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल: बाइंड झालं, आता उडवायचं का?

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मित्राचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे सेकंडहँड घेतलेला टॅरानिस क्यू एक्स7, म्हणजे मॉडेल विमानं उडवायचा फ्रस्काय कंपनीचा रेडिओ (रिमोट), आहे आणि त्याच्या आतल्या फ्रस्काय आरएफवर (सिग्नल पाठवणाऱ्या भागावर) त्यांचं स्वतः बनवलेलं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, व्यवस्थित उडतं. आता घरात आणखी चार गोष्टी जमल्यात: फ्लायस्कायचा एफएस-आयए6बी रिसीव्हर, डीएसएमएक्स रिसीव्हर बसवलेलं एक छोटं फोमचं विमान, मामांकडून आलेलं जुनं ट्रेनर ज्यात फुटाबाचा एस-एफएचएसएस रिसीव्हर आहे, आणि रिमोट फुटलेला सायमा एक्स5सी क्वाड. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलू शकणारी, रेडिओच्या पाठीत बसवायची डबी) घेतलं तर हे सगळं एका रेडिओवर चालेल का, सोल्डरिंग करावं लागेल का, आणि हॉस्टेलवरच्या दोस्ताच्या टीएच9एक्स या जुन्या फ्लायस्काय रेडिओमध्येही तेच मॉड्यूल घालून वापरता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

चारही चालतील. क्यू एक्स7 या कामासाठी चांगला रेडिओ आहे आणि त्यात सोल्डरिंग करावं लागत नाही. टीएच9एक्सचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटाकडे देतो. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, कारण या मॉड्यूलच्या बाबतीत माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघाल्यात. बाइंड केलं, म्हणजे रेडिओ आणि रिसीव्हरची जोडी जुळवली, रिसीव्हरचा दिवा स्थिर झाला, सर्वो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलले, की लोक मॉडेल घेऊन मैदानात जातात. कंपनीच्या स्वतःच्या जोडीत, म्हणजे त्याच कंपनीचा ट्रान्समीटर आणि त्याच कंपनीचा रिसीव्हर असताना, ते बऱ्याच अंशी खपून जातं. इथे मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरची हुबेहूब नक्कल करत असतं. त्यामुळे कंपनी कारखान्यात जे जुळवून देते, ते तुम्हाला घरी बसून जुळवावं लागतं. बाइंड झाल्यावर खरं काम सुरू होतं.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. हे सगळे रिसीव्हर 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, पण प्रत्येक कंपनीनं वेगळी रेडिओ चिप निवडली, आणि डेटा हवेत सोडायची, फ्रिक्वेन्सीवर उड्या मारायची पद्धतही वेगळी ठेवली. म्हणून फोर-इन-वन मॉड्यूलमध्ये चार वेगळ्या चिप असतात आणि त्या एका स्विचमार्फत एकच अँटेना आळीपाळीनं वापरतात. ए7105 ही फ्लायस्काय आणि हबसनवाल्यांची. सीवायआरएफ6936 ही स्पेक्ट्रमच्या डीएसएम2, डीएसएमएक्सची आणि वॉकेराच्या डेव्होची. सीसी2500 वर फ्रस्कायचे डी8, डी16 आणि फुटाबाचं एस-एफएचएसएस चालतं. एनआरएफ24एल01 ही खेळण्यातल्या क्वाडची चिप: सायमा, बायांग वगैरे. तुमच्याकडच्या चार गोष्टींना या चारही चिप एकेक करून लागतात. त्यामुळे स्वस्त पडतंय म्हणून फक्त सीसी2500 वालं किंवा एकाच चिपचं मॉड्यूल घेऊ नका. जाहिरातीत 'मल्टी' लिहिलेलं असलं तरी आत किती चिप आहेत ते विक्रेत्याला विचारूनच घ्या.

दुसरी चौकशी प्रोसेसरची. सुरुवातीची मॉड्यूलं एटीमेगा328पी वर होती. त्यात प्रोग्रामसाठी 32 केबी जागा, सगळे प्रोटोकॉल त्यात मावत नाहीत, मग कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे ते स्वतः निवडून फर्मवेअर (आतला प्रोग्राम) कंपाइल करावं लागतं. एसटीएम32 वालं मॉड्यूल घ्या. त्यात जागा भरपूर असते आणि बहुतेकांना यूएसबीचं सॉकेटही असतं. सुरुवातीच्या उघड्या बोर्डांवर सिरियल मोडसाठी मागचे दोन पॅड सोल्डरनं जोडावे लागत. आता डबीत बंद येणाऱ्या मॉड्यूलना ते लागत नाही. जुनं बोर्ड कुणाकडून स्वस्तात मिळत असेल तर मात्र ते पॅड जोडलेत का ते बघून घ्या.

काय चालणार नाही तेही सांगून ठेवतो, म्हणजे पैसे वाया जायला नकोत. एक्सप्रेसएलआरएस आणि क्रॉसफायर या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धती आपल्या या मॉड्यूलवर चालत नाहीत, त्यांच्या चिप वेगळ्या, मॉड्यूलही वेगळं. फ्रस्कायचं नवं अ‍ॅक्सेसही नाही. आणि पुढे कधी एक्सप्रेसएलआरएस घ्यायचं मनात आलं तर 2.4 वालंच घ्या. 915 मेगाहर्ट्झ आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाही, परदेशी व्हिडिओ बघून तो पट्टा निवडू नका.

माझं स्पष्ट मत असं की नुसता आयए6बी एकटाच असता तर मी मॉड्यूल घ्या म्हटलं नसतं. तो विकून टाकून त्या जागी फ्रस्कायचा एक रिसीव्हर घेतला असता तर काम भागलं असतं. पण छोट्या फोमच्या विमानात रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) आणि सर्वो बऱ्याचदा एकाच बोर्डावर असतात, ते बदलता येत नाहीत. सायमाचं तर सगळंच एका बोर्डावर आहे. ज्या मॉडेलचा रिसीव्हर काढता येत नाही, तिथे मॉड्यूलला पर्याय नाही. तुमच्याकडे अशी दोन आहेत, म्हणून घ्या.

सोलापुरात या छंदाचं सामान दुकानात हातात घेऊन बघायची सोय नाही, ऑनलाइनच मागवावं लागतं. भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या. बाहेरून थेट मागवलेलं वायरलेस सामान कस्टममध्ये अडकू शकतं, कारण अशा उपकरणांना ईटीए म्हणजे उपकरण-प्रकाराची मान्यता लागते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून आपल्याकडे परवानामुक्त आहे, त्यामुळे वापराला अडचण नाही.

आता बसवणं. क्यू एक्स7 च्या पाठीवरचं झाकण काढलं की जेआर पद्धतीचा कप्पा आणि त्यात पाच पिनांची उभी रांग दिसते: सर्वात वर सिग्नल, तिसरी बॅटरीची धन, चौथी ग्राउंड, पाचवी टेलिमेट्रीची, म्हणजे विमानाकडून परत येणाऱ्या माहितीची. दुसरी पिन आपल्या कामाची नाही. मॉड्यूल सरळ दाबायचं. तिरकं दाबलं की पिन वाकते, आणि पाचवी वाकली तर मॉडेल चालतं पण टेलिमेट्री येत नाही, मग माणूस सेटिंगमध्ये शोधत बसतो. त्याआधी अँटेना लावा. अँटेनाशिवाय मॉड्यूलला वीज देऊ नका. ताकद बाहेर जायला वाट मिळाली नाही की पॉवर अँप्लिफायर खराब होऊ शकतो. तो मेला तरी मॉड्यूल चालू दिसतं, बाइंडही होतं, फक्त पंचवीस पावलांवर संपर्क सुटतो. म्हणून सेकंडहँड मॉड्यूल घेतलंत तर पहिली रेंज टेस्ट, बाकी सगळं नंतर.

मॉड्यूलवर एक छोटा गोल स्विच असतो, त्यावर 0 ते 9 आणि पुढे ए ते एफ. काही नव्या मॉड्यूलवर तो नसतोच. असेल तर तो 0 वर ठेवा. 0 म्हणजे सिरियल: रेडिओ मॉड्यूलला कोणता प्रोटोकॉल, कोणता उपप्रकार, 16 चॅनेलची माहिती, सगळं एका तारेवरून पाठवतो. रेडिओ चालू करायच्या आधीच स्विच फिरवा.

रेडिओत नवीन मॉडेल तयार करा, जुन्या ट्रेनरच्या मॉडेलवर प्रयोग करू नका. मॉडेल सेटअपच्या पानावर इंटर्नल आरएफ 'ऑफ' करा आणि एक्सटर्नल आरएफमध्ये 'मल्टी' निवडा. यादीत 'मल्टी' दिसतच नसेल तर रेडिओचं फर्मवेअर त्या पर्यायाशिवाय बनवलेलं आहे. रेडिओवर ओपनटीएक्स हे फर्मवेअर असेल तर संगणकावरच्या कम्पॅनियन प्रोग्राममध्ये 'मल्टिमॉड्यूल'वर खूण करून फर्मवेअर पुन्हा टाका, किंवा सरळ एजटीएक्स या नव्या फर्मवेअरवर जा. 'मल्टी' निवडल्यावर खाली एक ओळ येते, त्यात मॉड्यूलची आवृत्ती आणि चार अक्षरं दिसतात, बहुतेक वेळा एईटीआर. ही ओळ आली म्हणजे रेडिओ आणि मॉड्यूल एकमेकांशी बोलतायत. मॉड्यूलवरचा दिवा सावकाश लुकलुकत राहिला तर रेडिओकडून सिग्नल पोचत नाही, भराभर लुकलुकला तर बाइंड चालू आहे, स्थिर राहिला तर काम नीट चालू आहे.

त्या चार अक्षरांवर थांबा. एलेरॉन (पंख कलवणं), एलिव्हेटर (नाक वर-खाली), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (नाक डावी-उजवीकडे) असा त्यांचा क्रम. स्पेक्ट्रमवाले थ्रॉटल पहिल्या चॅनेलवर ठेवतात, फुटाबावाले तिसऱ्यावर, खेळण्यांचा क्रम आणखी वेगळा. मॉड्यूल हा फरक स्वतः सांभाळतं: तुम्ही रेडिओत कायम एईटीआर ठेवायचं, समोरच्या प्रोटोकॉलला हवा तो क्रम ते लावून देतं. पण रेडिओत एखाद्या मॉडेलचा क्रम टीएईआर असेल आणि मॉड्यूल एईटीआर समजून चाललं, तर तुमची थ्रॉटलची काडी एलेरॉन हलवेल, एलिव्हेटरची काडी थ्रॉटल हलवेल, आणि ती मध्यावर असल्यामुळे थ्रॉटल अर्ध्यावर जाईल. मग बॅटरी लावताक्षणी मोटर अर्ध्या वेगानं फिरू शकते. रेडिओच्या जनरल सेटिंगमधला क्रम बदलला तरी तो फक्त पुढे बनवलेल्या नव्या मॉडेलना लागू होतो, आधीची मॉडेल तशीच राहतात. सेकंडहँड रेडिओत आधीच्या मालकाची मॉडेल असतात, त्यामुळे हे बघाच. आणि हे सगळं होईपर्यंत एकाही विमानावर प्रॉपेलर असता कामा नये. हा नियम घरात पाळायचा, मग कितीही घाई असो.

रिसीव्हर नंबर नावाचं एक घर असतं, त्याला लोक हात लावत नाहीत. प्रत्येक मॉडेलला वेगळा नंबर द्या. नंबर वेगळा असला की चुकून दुसरं मॉडेल निवडलं तरी विमान त्याला दाद देत नाही. एकाच प्रोटोकॉलवर दोन विमानं झाल्यावर याची किंमत कळते. ही सोय सगळ्या प्रोटोकॉलना नाही, म्हणून दुसऱ्या मॉडेलवर जाऊन विमान हलतं का ते एकदा बघा.

आता एकेक रिसीव्हर. आयए6बी साठी एएफएचडीएस2ए निवडा. उपप्रकारात पीडब्ल्यूएम की पीपीएम, आयबस की एसबस असं विचारतं, म्हणजे रिसीव्हरनं सिग्नल कोणत्या प्रकारे बाहेर द्यायचा ते. सर्वो थेट रिसीव्हरला लावणार असाल तर पीडब्ल्यूएम, आयबस. बाइंडचा प्लग बी/व्हीसीसीवर, रिसीव्हरला वीज, दिवा भराभर लुकलुकतो, मग रेडिओवरून बाइंड. हा रिसीव्हर उत्तर पाठवतो म्हणून मॉड्यूलला बाइंड झाल्याचं कळतं, टेलिमेट्रीही येते. याच्यात सहसा काही अडत नाही.

डीएसएमएक्सच्या विमानाला बाइंड करताना उपप्रकार 'ऑटो' ठेवा, रिसीव्हर स्वतः काय चालतं ते सांगतो आणि रेडिओत ते नोंदलं जातं. चॅनेलची संख्या मात्र रिसीव्हरला आहेत तितकीच द्या. रेडिओ विमानाच्या अगदी शेजारी धरू नका, दोन-अडीच मीटर लांब ठेवा. फार जवळून आलेल्या जोरदार सिग्नलनं रिसीव्हर गुदमरतो आणि बाइंड अर्धवट राहतं. बाइंड करताना थ्रॉटल पूर्ण खाली हवा, कारण हे रिसीव्हर त्या क्षणीची थ्रॉटलची जागाच फेलसेफ (संपर्क तुटल्यावर घ्यायची स्थिती) म्हणून लक्षात ठेवतात.

सायमासाठी सायमॅक्स. यात दोन उपप्रकार आहेत. सुरुवातीच्या मूळ एक्स5सी ला 'एक्स5सी' नावाचा लागतो, आणि नंतरच्या एक्स5सी-1 ला साधा. एकानं नाही झालं तर दुसरा लावून बघा, नुकसान काही नाही. क्वाडला बॅटरी लावली की हा प्रोटोकॉल दर वेळी नव्यानं बाइंड होतो, वेगळं बटण दाबावं लागत नाही. पाचव्या चॅनेलवर कोलांटउडी आहे, तो एखाद्या स्प्रिंगच्या स्विचवर द्या आणि छताखाली दाबू नका.

फुटाबाच्या रिसीव्हरपाशी जरा वेळ काढा. सीसी2500 चिपच्या मॉड्यूलमध्ये क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी एका नगाची दुसऱ्यासारखी नसते, थोडी पुढे-मागे असते. समोरचा रिसीव्हर थोडा फरक सहन करतो, पण त्याची हद्द असते. बाकी तीन चिपना हा प्रश्न सहसा येत नाही. यासाठी रेडिओत प्रोटोकॉलखाली आरएफ फ्रिक्वेन्सी फाइन ट्यून नावाचं घर असतं, त्यात -127 ते +127 पर्यंत आकडा देता येतो. सुरुवातीला तिथे 0 असतं, आणि बहुतेक लोक ते 0 च ठेवतात, कारण 0 वरही बाइंड होतं.

एका मुलानं असंच एक विमान आणलं होतं. टेबलावर सर्वो चोख चालायचे, अंगणातही. मैदानात साठ-सत्तर पावलांवर विमान वळलं की सर्वो अडखळायचे, सरळ आलं की ठीक. अँटेना बदलली, रिसीव्हर बदलला, तेच. मी मॉड्यूल चालू करून पाच-दहा मिनिटं तापू दिलं, विमान खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, प्रॉप काढलेलं. मग ट्यूनचा आकडा एकेकानं खाली नेत गेलो. -9 ला एलेरॉनचा सर्वो थरथरला, -12 ला सगळं बंद. परत 0 वर आलो, संपर्क आला. मग वर: +40, +60, काहीच होत नाही. +86 ला थरथर, +88 ला बंद. म्हणजे चालू राहण्याची पट्टी -12 पासून +88 पर्यंत, मध्य +38. तो मुलगा 0 वर, म्हणजे पट्टीच्या अगदी काठावर उडवत होता. जुन्या रेडिओवर आकाशवाणी सोलापूर लावताना काटा स्टेशनच्या कडेला ठेवला तर आवाज येतो पण मधूनच फाटतो, तसंच हे. +38 टाकलं, पुन्हा बाइंड केलं, मैदानाच्या टोकापर्यंत सर्वो एकदाही अडखळला नाही.

तुम्हीही हेच करा: दोन्हीकडून जिथे संपर्क सुटतो ते आकडे कागदावर लिहा, त्यांची बेरीज करून दोननं भागा, तो आकडा टाका, पुन्हा बाइंड करा. थंड मॉड्यूलवर करू नका, कारण क्रिस्टल तापमानानं सरकतो. डिसेंबरच्या पहाटे काठावर कसंबसं धरून असलेलं मॉड्यूल आपल्या एप्रिलच्या उन्हात सुटू शकतं. मध्यावर असलात तर दोन्ही बाजूंना जागा राहते. पुढे याच मॉड्यूलवर फ्रस्कायचे रिसीव्हर चालवलेत तर तिथेही आकडा याच्या आसपास निघतो, तरी तपासून घ्या. फर्मवेअर अद्ययावत केल्यावरही एकदा बघा.

फेलसेफबद्दल मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. संपर्क तुटला तर रिसीव्हरनं काय करायचं, हे त्याला आधी सांगावं लागतं. सांगितलं नाही आणि त्यानं शेवटची आज्ञा धरून ठेवली, तर अर्ध्या थ्रॉटलवरचं विमान अर्ध्या थ्रॉटलवरच जात राहतं, बॅटरी संपेपर्यंत. आपल्या जिल्ह्यात मोकळ्या रानाच्या पलीकडे ऊस असतो. दहा-बारा फूट उंचीच्या फडात पडलेलं विमान शोधायला आख्खा दिवस जातो, आणि ऊस मोडला म्हणून शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळं. लोकवस्तीकडे गेलं तर काय होईल ते सांगायला नको. फ्लायस्काय एएफएचडीएस2ए, फुटाबा एस-एफएचएसएस आणि फ्रस्काय डी16 यांना फेलसेफ मॉड्यूलमार्फत रेडिओतून पाठवता येतं. मॉडेल सेटअपमध्ये फेलसेफ 'कस्टम' करा, थ्रॉटल -100, रडरला किंचित कल, बाकी मध्यावर. 'होल्ड' निवडू नका. डीएसएमएक्सचं वर सांगितलं: बाइंड करतानाची जागा. सायमाला काही सांगावं लागत नाही, संपर्क तुटला की त्याच्या मोटरी बंद होतात, म्हणून तो गच्चीवर फार वर नेऊ नका.

सांगून झालं तरी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. प्रॉप काढा, विमान खुर्चीला बांधा, मोटर पाव थ्रॉटलवर फिरू द्या, एलेरॉनची काडी एका बाजूला पूर्ण धरा. आणि रेडिओ बंद करा. टेलिमेट्रीवाला रिसीव्हर असेल तर रेडिओ 'मॉडेल अजून चालू आहे' असं म्हणून अडवेल, तरी बंद करा. एक-दोन सेकंदांत मोटर थांबली पाहिजे आणि एलेरॉन ठरवलेल्या जागी गेलं पाहिजे. मग रेडिओ परत चालू करा, किती वेळात हातात येतं ते पाहा. प्रत्येक विमानावर, प्रत्येक नव्या बाइंडनंतर हे करायचं. पाच मिनिटं लागतात.

मग रेंज टेस्ट. बाइंडच्या शेजारीच 'रेंज'चा पर्याय आहे, तो दाबल्यावर मॉड्यूल ताकद अगदी कमी करतं. विमान जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, तीस मीटर लांब जा, रेडिओ सगळ्या बाजूंनी फिरवा, कुणाला तरी विमानही फिरवायला सांगा. सर्वो अडखळता कामा नयेत. मोटर चालू ठेवून पुन्हा एकदा बघा, कारण काही ईएससी रिसीव्हरला त्रास देतात आणि ते मोटर फिरतानाच कळतं. प्रॉप काढलेलंच असू द्या. सेटिंगमध्ये 'लो पॉवर' नावाचा आणखी एक पर्याय असतो, तो वेगळा. तो चुकून 'येस' राहिला तर रेंज कायम कमीच. तो 'नो' आहे ना, बघून घ्या. बाकी ट्यून जमलेल्या चांगल्या मॉड्यूलची ताकद सुमारे 100 मिलिवॅट असते, म्हणजे डोळ्यांना विमान दिसतं तोवर ती पुरते.

फर्मवेअर अद्ययावत करायचं असेल तर मॉड्यूल रेडिओतून बाहेर काढून मगच यूएसबी लावा. फाइलच्या नावात एसटीएम, सिरियल आणि एईटीआर हे तिन्ही आहेत का बघा. सगळं नीट चाललं असेल तर केवळ नवीन आवृत्ती आली म्हणून बदलू नका.

आता दोस्ताचा टीएच9एक्स. कप्पा त्यालाही आहे आणि मॉड्यूल त्यात बसतंही, पण मूळ फर्मवेअरवर तो रेडिओ मॉड्यूलला फक्त पीपीएम, म्हणजे चॅनेलचा साधा जुना सिग्नल, देतो: आठ चॅनेल, टेलिमेट्री नाही, आणि रेडिओच्या पडद्यावरून प्रोटोकॉल निवडता येत नाही. प्रोटोकॉल त्या गोल स्विचनं 1 ते 9 किंवा ए ते एफ पैकी एक घर निवडून ठरतो, आणि कोणत्या घरात काय आहे ते फर्मवेअर कंपाइल करतानाच ठरलेलं असतं. वर सांगितलेला ट्यूनचा आकडाही त्याच तक्त्यात लिहून कंपाइल करावा लागतो. म्हणजे सीसी2500 साठी प्रत्येक प्रयोगाला नवीन फर्मवेअर. शिवाय तयार फाइल सिरियलची वेगळी आणि पीपीएमची वेगळी मिळते, त्यामुळे एकच मॉड्यूल सकाळी तुमच्याकडे आणि संध्याकाळी त्यांच्याकडे असं फिरवणं जमणार नाही. आणखी एक अडचण: त्याच्या मूळ मॉड्यूलला रेडिओच्या अँटेनाची तार आत सोल्डर केलेली असते, ती ओढून तोडू नका. दोस्ताला फ्लायस्कायवरच उडवायचं असेल तर आहे ते मॉड्यूल राहू दे. जास्त काही हवं असेल तर जुन्या रेडिओवर खर्च करण्यापेक्षा आत फोर-इन-वन बसवलेला एखादा एजटीएक्सचा रेडिओ घेणं बरं.

जागेचं. होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत, त्यामुळे शहरात आणि आसपास पूर्वी चालायचं तसं आता चालत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत हिरवा झोन धरतात. 8 किलोमीटरच्या आत परवानगी लागते. घरातून निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. विजापूर रोडवरची जवळची मोकळी मैदानं यात बसत नाहीत. नान्नजकडचं माळरान बघून मोह होईल, पण ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडे जायचंच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघून कडबा उचलला गेला की लांबच्या गावांकडची काळी रानं मोकळी होतात. शेतमालकाला विचारून, सकाळी वारा उठायच्या आत जा. घारी फिरायला लागल्या की विमान खाली घ्या.

सुरुवात सायमापासून करा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि मेनूची सवय होते. मग आयए6बी नुसता टेबलावर, चार सर्वो लावून, फेलसेफसकट. त्यानंतर डीएसएमएक्सचं छोटं विमान. मामांचं ट्रेनर सगळ्यात शेवटी, आणि ट्यूनचे दोन्ही टोकांचे आकडे काय आले ते मला कळवा. दोन्हींमधलं अंतर साठच्या खाली आलं तर उडवू नका, आधी रिसीव्हरची अँटेना बघू.